हॅलो पेठ, नाशिक येतेय

मुलीला बघायला आलेल्या मंडळींत मुलाचे एक काका होते. ते बोलायला लागले की थांबत नसत. त्या दिवशी ते स्वतःच्या मूळव्याधीपर्यंत पोचले होते आणि सगळ्यांच्या हातातल्या पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या होत्या. तेवढ्यात मुलीच्या आईने गोड पण खणखणीत आवाजात विचारलं, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

काका गप्प झाले. मग मुलाचे वडील मांडीवर थाप मारून हसायला लागले. कांद्याचे व्यापारी होते ते. नाशिकहून मुंबईला, इंदूरला ट्रंक कॉल लावण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "अहो, हाच तो आवाज! ह्या बाईंनी माझं बोलणं किती वेळा तोडलंय म्हणून सांगू!" लग्न तिथेच ठरलं.

मुलीची ती आई म्हणजे आमच्या मोठ्या बाई. नव्वदच्या सुमारास मी नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा त्या माझ्या शेजारच्या बोर्डावर बसत. बाहेरगावी फोन करायचा म्हणजे आधी आमच्याकडे नोंदवायचा, मग आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला पकडायचं, दोन वायरी दोन भोकांत खुपसायच्या, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, वाढवू का? बाईंनी हे काम इतकी वर्षं केलं होतं की ते त्यांच्या अंगात भिनलं होतं. माणसांचीही त्या तशीच वर्गवारी करत. हळू चालणारा माणूस दिसला की म्हणत, "हा ऑर्डिनरी कॉल. लागेल संध्याकाळपर्यंत." आमचा चहावाला लाइटनिंग, म्हणजे मागितल्याबरोबर लागणारा कॉल. आणि ज्याला एकाच मुलीशी लग्न करायचं आहे आणि दुसरी चालणार नाही, असा आमच्या ऑफिसातला एक प्रेमवीर, तो पीपी कॉल. म्हणजे ज्याच्याशी बोलायचं तोच माणूस पाहिजे, दुसऱ्याने फोन उचलून उपयोग नाही.

बुटक्या, रुंद बांध्याच्या होत्या. अंगापेक्षा आवाज मोठा. पंचवटीतून ऑफिसला रोज सायकलवर येत. काळी लेडीज सायकल, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. घंटी त्यांनी काढून टाकली होती. "मी आहे ना," म्हणत. आणि खरंच, होळकर पुलावर त्यांनी "बाजूला!" म्हटलं की टांगेवालासुद्धा घोड्याला आवरायचा.

त्यांची आणखी एक गंमत होती. चढावर त्या कधी उतरत नसत. दात आवळून, वेडीवाकडी सायकल चालवत, पण बसूनच चढायच्या. उतार आला की मात्र खाली उतरून सायकल हातात धरून चालायच्या. सगळ्या जगाच्या उलट. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "मला उताराची भीती वाटते ग. चढाची नाही वाटत."

आमच्या बोर्डावरची सगळ्यात वाईट लाईन पेठची. पेठ म्हणजे पश्चिमेच्या डोंगरातलं तालुक्याचं गाव. मधे सावळघाट, कोटंबीचा घाट, जंगल. पावसाळ्यात झाड पडलं की लाईन गेली, वारा सुटला की लाईन गेली, आणि कधीकधी काहीही न होता गेली. पेठच्या एक्स्चेंजला एक ऑपरेटर होता. त्याचं नाव आम्हांला ठाऊक होतं, पण बाई त्याला 'पेठ' म्हणत आणि तो त्यांना 'बाई'. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. रोजचं भांडण मात्र होतं.

"पेठ! अहो पेठ! तासभर बोंबलतेय मी. झोपला होतात का?"

"बाई, लाईन पडली व्हती."

"तुमची लाईन बरी जेवल्यानंतरच पडते!"

हे आम्ही सगळ्या जणी मिटक्या मारत ऐकायचो. पण त्या दोघांचं नुसतं भांडणच होतं असं समजू नये. एकदा पेठच्या बाजूच्या पाड्यावरची एक म्हातारी तिथल्या एक्स्चेंजला येऊन बसली. तिचा मुलगा इथे नाशिकला दवाखान्यात होता, कामावर असताना पडून पाय मोडला होता. पेठने त्या दवाखान्याचा फोन मागितला. बाईंनी लावला, मुलाला वॉर्डबॉयने चाकाच्या खुर्चीवरून फोनपाशी आणलं. पण लाईन इतकी क्षीण, की म्हातारीला ऐकू जाईना आणि पोराला ती कळेना. बाई एरवी जोडून दिलेल्या कॉलमध्ये कधी कान घालत नसत. आम्ही कुणी ऐकताना सापडलो तर हातावर फटका बसे. त्या दिवशी त्या स्वतः मध्ये बसल्या.

"पेठ, तिला सांगा, तो म्हणतो, आई, मी बरा आहे."

तिकडून पेठ तिला तिच्या बोलीत सांगे, मग इकडे ओरडे, "बाई, ती इचारते, जेवला का?"

"बाळा, आई विचारतेय जेवलास का? ... हो म्हणतोय, पेठ. वरणभात खाल्ला म्हणतोय."

"ती म्हणते, पाय हाय का कापला?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी मुलाला विचारलं नाही, सरळ म्हणाल्या, "बाळा, आईला सांग, पाय आहे म्हणून." त्याने 'आहे, आहे' म्हटलं तशी त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या खोलीतला माणूस धावत आला, "पाय आहे म्हणावं, पेठ! पाय आहे!"

तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

अशा त्या दोघांचं एका पावसाळ्यात फार बिनसलं. पेठची लाईन बरेच दिवस बंद होती. काउंटरवर लोक आमच्या नावाने शंख करत होते. लाईन आली तशी बाईंनी पेठला झोडपून काढलं. झोपाळू म्हणाल्या, आळशी म्हणाल्या, आणखीही बरंच. तो एरवी हसून घ्यायचा. त्या दिवशी त्याचा आवाज बदलला.

"बाई, लाईनमनच्या जोडीला मी सोता घाटात चिखलात उभा व्हतो. तुमी पंख्याखाली बसून बोलता. एक डाव हा घाट सोताच्या पायानं चढून या. मंग मला झोपाळू म्हना."

बाईंच्या हातात वायर तशीच राहिली. मग म्हणाल्या, "येईन."

"या."

"येईन म्हणाले ना!"

त्यानंतर त्याला एक चाळाच लागला. रोजचे कॉल संपले की विचारायचा, "बाई, कवा येताय?" आणि बाई म्हणायच्या, "येईन, येईन." असं बरंच चाललं. मग कळलं की पेठला नवीन मशीन बसणार, तिथून थेट नंबर फिरवता येणार, नव्या वर्षात तो बोर्ड बंद. पुढेमागे आमचाही. आम्ही तरुण मुली आपापल्या बदल्यांच्या काळजीत. बाईंनी मात्र डिसेंबरातल्या एका दुपारी डबा खाता खाता जाहीर केलं, "रविवारी मी पेठला चाललेय. सायकलवर. कोण येतंय?"

कुणी मान वर केली नाही. बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. पेठ म्हणजे काही गंगापूर रोड नव्हे.

"तू येतेस," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुझ्याकडे सायकल आहे आणि तुला नाही म्हणता येत नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

रविवारी पहाटे मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांचे यजमान अंगणात उकिडवे बसून चेनला तेल घालत होते. फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी बायकोला 'जाऊ नकोस' म्हटलं नाही की 'जपून जा' म्हटलं नाही. फक्त मला विचारलं, "तुला दशमी चालते ना? दोघींची बांधलीये." बाई बाहेर आल्या. नऊवारी कासोटा घालून नेसलेली, त्यावर यजमानांचा स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला माकडटोपी. मी हसू दाबलं. "हस," त्या म्हणाल्या. "घाटात हसायला श्वास उरणार नाही."

पेठ नाका सोडला आणि थंडीने बोटं वाकेनाशी झाली. रामशेजचा किल्ला धुक्यात अर्धा बुडालेला. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांत शेतकऱ्यांनी घडांना थंडी लागू नये म्हणून धूर करून ठेवला होता आणि तो धूर रस्त्यावर कमरेइतका साचला होता. त्यातून बाईंची माकडटोपी पुढे पुढे जात होती. मधूनच आवाज येई, "बाजूला!" समोर कुणी नसायचं. थंडी घालवायला ओरडत असाव्यात.

उमराळ्याला चहाला थांबलो. टपरीवाल्याने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमीच का त्या टेलिफोनच्या बाई?"

"कुणी सांगितलं?"

"पेठवरून फोन व्हता सरपंचाकडं. म्हनले, बाई येतील, चहा पाजा."

पुढच्या गावी तेच. एका दुकानदाराने आम्हांला बघून हातातलं माप खाली ठेवलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "ह्या बघा, आल्या." शाळेच्या ओट्यावर उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात वर केले. मी पेठला आदल्या दिवशी लाईनवर एवढंच म्हटलं होतं की उद्या बाई निघतायत. त्याने ज्या ज्या गावात फोन होता त्या त्या गावाला कळवून ठेवलं होतं.

"हेर पेरलेत मेल्याने!" बाई चिडून म्हणाल्या. पण पुढचं गाव दिसू लागलं तशी त्यांनी माकडटोपी काढून पिशवीत टाकली आणि केसांवरून हात फिरवला.

सावळघाटाच्या वळणांवर त्यांचा उलटा कारभार सुरू झाला. उतारावर चालायचं, चढावर चालवायचं. मी उतारावरून भन्नाट सुटायचे आणि खाली थांबून वाट बघायचे. बाई वरून हळूहळू, ब्रेक दाबून धरलेली सायकल हातात घेऊन, नदीत उतरल्यासारख्या यायच्या. एक प्रवासी जीप आमच्याजवळ थांबली. ड्रायव्हरला हे कोडं सुटेना. "बाई, उतारावर चालताय आन् चढावर सायकल मारताय? उलटं नाय का झालं?"

"तुम्ही तुमची जीप बघा," बाई म्हणाल्या.

दुपारी एका मोरीच्या कठड्यावर बसून दशम्या खाल्ल्या. ऊन मऊ होतं, समोर भाताची रिकामी खाचरं आणि त्यांच्या पलीकडे डोंगराच्या ओळीमागे ओळी. मी पाय चोळत होते. बाई खात नव्हत्या, बघत होत्या. टेलिफोनचे खांब तिथपर्यंत रस्त्याच्या कडेने आले होते आणि तिथून रस्ता सोडून सरळ दरीत उतरले होते. झाडीतून एखादा खांब डोकं वर काढी, मग पुन्हा नाहीसा होई, आणि पार पलीकडच्या कड्यावर काडीएवढा दिसे. त्यांच्याखाली वाट अशी काही नव्हती. नुसते दगड आणि करवंदीच्या जाळ्या.

"इथे पावसात उतरायचे," बाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

कोटंबीच्या घाटाने मात्र आमची परीक्षा पाहिली. पहिल्या दोन वळणांनंतर मी खाली उतरले आणि सायकल ढकलू लागले. बाई उतरल्या नाहीत. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, तिरक्या तिरक्या, इतक्या हळू की मी चालत त्यांच्या पुढे जात होते आणि मला त्याची लाज वाटत होती. मग त्यांची चेन पडली. चेन बसवून पुन्हा निघाल्या तर गुडघा धरला. त्या एका टेलिफोनच्या खांबाला हात टेकून उभ्या राहिल्या. चेहरा लाल, ओठ पांढरे. मला भीती वाटली. पन्नाशीची बाई, डोंगरात, जवळ डॉक्टर नाही, आणि घरी जाऊन यजमानांना काय सांगायचं?

तेवढ्यात तीच जीप मागून पेठकडे परत येताना दिसली. ड्रायव्हर या वेळी हसला नाही. खाली उतरून म्हणाला, "बसा बाई. पेठ इथं तर हाय. सायकली टपावर टाकतो. कोन बघतंय?"

"बसूया ना," मी म्हणाले. "खरंच बसूया. पेठला थोडंच कळणारे?"

बाईंनी खांबाला कान लावला. लहान मुलं लावतात तसा. वाऱ्याने तारा गुणगुणत होत्या.

"लाईन चालू आहे," त्या म्हणाल्या. "मधेच तोडायची नाही." आणि सायकलवर बसल्या.

पुढचं वळण त्या कशा चढल्या ते मला सांगता येणार नाही. मी मागून बघत होते. स्वेटर घामाने पाठीला चिकटला होता आणि प्रत्येक पायडलला त्यांच्या तोंडून आवाज निघत होता, जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडून निघतो तसा. सायकल आता पडेल, आता पडेल असं वाटे आणि ती पडत नसे. अशा वेळी वरच्या वळणाच्या कठड्यावरून कुणीतरी हाक मारली.

"हॅलो नाशिक! पेठ बोलतोय!"

बाईंनी मान वर केली नाही. सायकल थांबवली नाही. श्वास फुटत होता, तरी तोच बोर्डावरचा खणखणीत सूर लागला.

"बोला पेठ! ऐकतेय! मोठ्याने बोला!"

कठड्यावरून एक माणूस उतरून आला. आवाजावरून आम्ही सगळ्या त्याला उंच, धिप्पाड समजत होतो. हा बाईंहूनही बुटका, काळासावळा, केस पिकलेला. लग्नातला असावा असा जाड कोट घातलेला. दुपारपासून तिथे बसून होता. तो बाईंच्या सायकलसोबत चालू लागला.

"बाई, लय दमलात. ढकलू का मागून?"

"हात लावलात तर बघा!"

"नाय लावत. रस्ता कसा वाटला?"

"तुमच्या लाईनसारखा!"

असं ओरडून बोलत बोलत ते दोघं घाटाच्या माथ्यावर पोचले. मी मागून माझी सायकल ढकलत. बाई उतरल्या, सायकल कठड्याला टेकवली आणि वळून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. इतकी वर्षं रोज एकमेकांवर ओरडणाऱ्या त्या दोघांना समोरासमोर शब्द फुटेना. तो कोटाची बटणं चाचपत होता. बाई पदर सारखा करत होत्या. मी मधे उभी. शेवटी त्याने सरळ पाठ फिरवली आणि दरीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंनीही तिकडेच तोंड केलं. आणि लगेच बोलणं सुरू झालं.

"पेठ, मी पाहिले खांब. तुमची लाईन खरंच पडत होती."

त्याने पायाने एक खडा दरीत लोटला. मग म्हणाला, "समद्या वेळी नाय, बाई. दोनदा मी खरंच झोपलो व्हतो."

"मला माहीत होतं!" बाई ओरडल्या. "माहीतच होतं मला!"

दोघं दरीकडे बघत इतके हसले की खाली चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या.

पेठला त्याच्या घरी नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी खाल्ली. त्याच्या बायकोने बाईंचा गुडघा गरम तेलाने चोळून दिला. एक्स्चेंजच्या त्या एवढ्याशा खोलीत बाई त्याच्या स्टुलावर बसल्या, कानाला हेडफोन लावला आणि नाशिकला मागितलं. ड्यूटीवरच्या आमच्या मैत्रिणीला म्हणाल्या, "पेठ बोलतेय. झोपलीस का ग?"

पुढे तो बोर्ड बंद झाला, मग आमचाही झाला. बाईंना चौकशीच्या खिडकीवर बसवलं, तिथे त्यांचं मन रमलं नाही, पण निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते काम चोख केलं. नंतरच्या काळात नातवाने त्यांना मोबाईल घेऊन दिला. त्यावर त्या घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत. दिवाळीला पेठचा फोन यायचा. पुढची बरीच वर्षं त्या सायकलही चालवत होत्या. ऑफिसात मी अनेकांच्या हाताखाली काम केलं, त्यांतल्या काहींना मोठे मान मिळाले. पण 'मी कुणाच्या हाताखाली शिकले' असं सांगायची वेळ आली की मी त्यांचंच नाव सांगते, आणि सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

त्या संध्याकाळी आम्ही शेवटच्या एसटीने परत निघालो. सायकली टपावर बांधल्या. पेठ स्टँडवर सोडायला आला होता. गाडी हलली तशी बाई खिडकीशी बसल्या बसल्या झोपल्या आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. गाडीत बाजाराहून परतणारे, कामाला निघालेले डोंगरातले लोक होते. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला.

"सायकली तुमच्याच का? इकडं डोंगरात सायकली कशाला आनल्या?"

पुढच्या बाकावरच्या माणसानेही वळून पाहिलं. म्हणाला, "आन् ह्या आजी कोन?"

मी एरवी अनोळखी माणसांत तोंड उघडत नसे. त्या दिवशी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले. "ह्या नाशिकच्या टेलिफोनच्या बाई आहेत. सकाळी नाशिकहून निघून हा घाट सायकलवर चढून आल्यात. चढावर एकदाही सायकल न ढकलता."

एका म्हातारीने पुढे वाकून बाईंच्या बुटांकडे पाहिलं आणि स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांच्या गुडघ्यांवर टाकली. कंडक्टर पुढे गेला, ड्रायव्हरच्या कानाशी काहीतरी बोलला. घाट सुरू झाला. मी वाट बघत होते, आता वळणावळणाला गचके बसतील आणि बाई जाग्या होतील. पण ड्रायव्हरने गाडी अशी सावकाश उतरवली, जणू आत काचेचं सामान भरलं होतं. मधे पाड्यांवर माणसं उतरत होती. कंडक्टर घंटीची दोरी ओढत नव्हता. दर वेळी पुढे चालत जाऊन ड्रायव्हरच्या पाठीवर हळूच हात ठेवत होता.

माझ्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या. नाशिक येईपर्यंत मी तो हलवला नाही.